कुणाच्या अंगाचा?

"कुणाच्या अंगाचा?"

मूल खडू मागायला आलं की आमचे चित्रकलेचे सर एवढंच विचारायचे. एक डोळा मिटायचे आणि उघड्या डोळ्याने त्या मुलाकडे बघत बसायचे.

तुम्ही रंगीत खडूंची पेटी पाहिली असेल. तिच्यात तांबडा असतो, पिवळा असतो, निळा असतो आणि एक फिकट गुलाबी असतो. आमच्या शाळेतली मुलं त्याला 'अंगाचा' म्हणायची. माणूस काढला की तोंडाला, हातापायांना तोच. शेतकरी असो नाहीतर पोस्टमन, सगळे गुलाबी.

"सर, अंगाचा द्या ना."

"कुणाच्या अंगाचा?"

"अंगाचा म्हणजे... अंगाचा."

"अहो, पण कुणाच्या? तुमच्या? माझ्या? मावशींच्या?"

मावशी म्हणजे मी. विश्रांतवाडीच्या त्या शाळेत मी झाडलोट करायचे, पाणी भरायचे, घंटा द्यायचे, लहान पोरांची नाकं पुसायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

गंमत अशी की अख्ख्या शाळेत तो खडू ज्याच्या अंगाला जुळेल असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे स्वतः सर. पेठेतले, घाऱ्या डोळ्यांचे, गोरेपान. लुनावरून शाळेत पोचायचे तेव्हा उन्हाने कान लाल झालेले असायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, खडू तुमच्याच अंगाचा आहे की."

म्हणाले, "म्हणून तर लाज वाटते, मावशी. करणाऱ्याने मला न विचारताच केला."

मला ते फार आवडायचे असं समजू नका. त्यांचा तास झाला की वर्गाची फरशी रॉकेलने पुसावी लागायची. खिशात शेंगदाणे असायचे, ते रंगाच्या हातांनी खायचे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना बघितलं की आधी म्हणायच्या, "सर, नखं!" सर हात पाठीमागे घ्यायचे आणि म्हणायचे, "काढतो. आपण सांगाल तेव्हा बोटंही काढतो." कुणाचं कौतुक करायचे नाहीत. मुलाने चित्र दाखवलं की "अजून बघ" म्हणायचे. फारच छान जमलं असेल तर काही न बोलता चित्र परत द्यायचे. तीच शाबासकी.

तेव्हा विश्रांतवाडी भराभर बदलत होती. शेतं होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. संगणकाच्या कंपन्यांतली माणसं येऊन फ्लॅट घेऊ लागली. शाळेतही संगणकाची खोली झाली, गार हवेची. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, देवळासारख्या. चित्रकलेच्या तासाला मात्र कुणी विचारत नव्हतं. गणिताच्या बाईंचं काही राहिलं की त्या तो तास मागून घ्यायच्या. घरोघरी केबल आली होती आणि टीव्हीवर दर थोड्या वेळाने एक काळी मुलगी क्रीम लावून गोरी व्हायची, मग तिला नोकरी लागायची. पोरी ती जाहिरात पाठ म्हणायच्या.

त्याच वर्षी अमल पाचवीत आली.

तिचे वडील सुदानहून औषधांचं शिक्षण घ्यायला आले होते. बायको आणि मुलगी बरोबर. आळंदी रस्त्याच्या बाजूला भाड्याने राहायचे. मुलगी उंच, काटक, अगदी काळी. मराठी तिने बघता बघता उचलली, कारण तिच्याशी कुणी बोलायचं नाही आणि ती नुसती ऐकत बसायची.

एक दिवस मला म्हणाली, "मावशी, कोळसा म्हणजे काय?"

"जळण," मी म्हटलं. "कोण म्हणालं?"

ती वर्गात निघून गेली.

मला उत्तर नकोच होतं. मी नळापाशी बघत होते. ती पाणी पिऊन गेली की मागची पोरं नळाचं तोंड रुमालाने पुसायची आणि मग प्यायची. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, आपोआप येत होतं. मी बौद्ध आहे. माझ्या आईला गावात पाणी वरून ओतायचे, भांड्याला भांडं लागू न देता. नळ कोण कुणानंतर पुसतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी दोन पोरांचे कान पिळले. मग ती पोरं मी नसताना पुसायला लागली.

नंतर मागच्या बाकावरून 'हबशी, हबशी' सुरू झालं. तेव्हा तिचे वडील आले. लांबलचक माणूस, हिंदी मोडकं, पण वागणं असं की मोठ्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाले, पुण्यातली ही आमची तिसरी शाळा. आधीच्या दोन्ही सोडल्या त्या याचसाठी. आता पुन्हा झालं तर मुलीला आईबरोबर परत पाठवून देईन, मी एकटा राहीन शिकायला.

मी चहा घेऊन आत गेले होते. अमल दाराशी उभी होती आणि सगळं ऐकत होती. तिला जायचं नव्हतं. वडिलांना सोडून तर नव्हतंच.

सरही तिथे होते. म्हणाले, "स्नेहसंमेलनापर्यंत थांबा. फक्त तेवढं."

"तब तक क्या होगा?" वडिलांनी विचारलं.

"माहीत नाही," सर म्हणाले. असं कुणी सांगतं का? पण ते थांबले.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाचवीतल्या सगळ्या पेट्यांमधून 'अंगाचा' खडू काढून घेतला. काळ्या रंगाच्या बाटल्याही कपाटात कुलूप लावून ठेवल्या. "काळा आणि अंगाचा, दोघे आजपासून रजेवर," म्हणाले. "तांबडा, पिवळा, निळा, पांढरा. एवढ्यात काय ते करायचं. आणि स्वतःचा रंग करायचा नाही. शेजाऱ्याचा करायचा. मनगटाला मनगट लावा आणि बघा. तोंड नंतर."

जोड्या लावून झाल्या. अमलच्या शेजारी कुणी बसेना.

सर ओरडले नाहीत. फळ्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, "जोडी पूर्ण झाल्याशिवाय तास सुरू होणार नाही." पोरं एकमेकांकडे बघत होती. अमल आपल्या हाताकडे बघत होती. मी दारात पाण्याची बादली घेऊन उभी होते. वर्ग इतका गप्प की गार खोलीतलं यंत्र घुरघुरताना ऐकू येत होतं. मला सरांचा राग आला. पोरीची शोभा करतायत असं वाटलं. 

"मावशी, तुम्ही बसा," सर म्हणाले.

"मला फरशी पुसायची आहे."

"फरशी कुठे जात नाही."

मी बसले. त्या बाकावर माझे गुडघे मावेनात. पोरीने आपलं मनगट माझ्या मनगटाला लावलं. हात थंडगार होता. मी तांबड्यात निळा घातला, पिवळा घातला, तर काहीतरी जांभळं झालं. तिने माझा रंग केला तो मात्र बरोबर जमला. मागून एकजण म्हणाला, "मावशी आणि अमल सेम टू सेम!" सगळा वर्ग हसला.

मला हसू आलं नाही. लग्नासाठी मला दाखवताना आई म्हणाली होती, 'सावळी आहे जरा.' सासू म्हणाली, 'सावळी नाही, काळी आहे. चालेल.' तेव्हापासून हे सेम टू सेम मला माहीत आहे.

पहिल्या बाकावरून एक मुलगी उठून आमच्यापाशी आली. जुई तिचं नाव. अण्णांची नात. अण्णा म्हणजे शाळेचे अध्यक्ष. शाळा त्यांच्याच शेतावर उभी होती, भोवतालच्या इमारतीही. जुई नेहमी पहिली यायची आणि दुसऱ्याचं चुकलेलं तिला सहन व्हायचं नाही. तिने माझा कागद उचलला.

"मावशींनी निळा जास्त घातलाय. अमल अशी नाहीये."

"असं?" सर म्हणाले. "मग आपण करून दाखवा."

आणि जुई बसली. दया वगैरे काही नाही, निव्वळ मला हरवायला बसली. तास संपला तरी उठेना. "हलू नको ना अमल!" म्हणून तिच्यावर खेकसत होती. शेवटी सरांना कागद दाखवला. सरांनी तो बघितला आणि काही न बोलता परत दिला.

मग सरांनी पटांगणाकडची भिंत मागून घेतली. फाटकातून आत आलं की समोर दिसणारी. तिच्यावर पाचवीचा अख्खा वर्ग काढायचा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला काढायचं, उभं, हात पुढे करून. तेलाच्या रंगात, टिकाऊ. पोरं महिनाभर खपत होती. जुईने अमलला काढलं, अमलने जुईला. त्या महिन्यात नळ पुसायचं कमी झालं. बंद झालं नाही, कमी झालं. खोटं कशाला सांगू?

भिंत पूर्ण झाली आणि घरोघरचे लोक बघायला आले. तुम्हाला वाटेल, अमलच्या चित्रावरून बोंब झाली असेल. तसं नाही. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. जो तो आपलं मूल शोधत होता, आणि सापडल्यावर गप्प होत होता. कारण भिंतीवर एकही मूल गुलाबी नव्हतं. कुणी गुळासारखं, कुणी विटेसारखं, कुणी चिंचेसारखं. जुईची आई म्हणाली, "माझी मुलगी अशी आहे?"

अण्णा आले. "सर, ह्ये काय लावलंय तुम्ही? माझी नात अशी हाय?"

"अण्णा, तिचं मनगट लावून बघा ना भिंतीला."

"मनगट गेलं खड्ड्यात. घरात सगळ्यात उजळ पोर ती. आम्ही रानात राबलो, आम्ही काळे. ती सावलीत वाढलीया. आन तुम्ही तिला पुन्हा रानात हुबी केली!"

 या वाक्याला गोऱ्या माणसापाशी उत्तर असणार नाही. अण्णा वाईट माणूस नव्हता. फक्त ऑफिसच्या कपाटात त्याचा पाण्याचा पेला वेगळा असायचा. तो मी घासायचे. कोण घासतं ते त्याने कधी विचारलं नाही, म्हणून तो निर्धास्त प्यायचा.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी आपल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला पाठवलं. निरोप एवढाच: 'तोंडं जरा उजळ कर.' मी फाटकाची एक किल्ली त्याच्याकडे देऊन घरी गेले.

सकाळी फाटक उघडलं आणि जागीच थांबले.

पेंटरने सगळी तोंडं एकाच डब्यातून रंगवली होती. गुलाबी. सिनेमाच्या फलकावर असतात तशी. हातांना त्याने हात लावला नव्हता, कारण निरोप तोंडांचा होता. म्हणजे ओळीने गुलाबी तोंडं आणि खाली खरे हात. अमलपाशी आल्यावर त्याला प्रश्न पडला असणार. ही कशी उजळ करायची? मग त्याने त्याच्या समजुतीने केलं. डांबरासारखं काळं तोंड, पांढरे बटबटीत डोळे, जाड लाल ओठ. त्याला वाटलं असेल, चांगलं काम झालं.

सर आले, लुना लावली आणि भिंतीसमोर उभे राहिले. कान लाल झाले होते. त्या दिवशी ऊन नव्हतं.

"मावशी, पत्र्याची पट्टी आहे का?"

मी स्टोव्हवरचं पोह्यांचं उलथनं आणून दिलं. रंग अजून ओला होता. सर ते तोंड खरवडायला लागले. इतक्या जोरात की वरचा काळा गेला, खालचा जुईने केलेला रंगही गेला, आणि सिमेंट उघडं पडलं. बाकीची तोंडं खरवडायला वेळ नव्हता. पोरं यायला लागली होती.

अमल नाचात होती. मेकअप करणाऱ्या बाईने सगळ्या पोरींना एकच पावडर थापली होती. अमल त्यात राखेसारखी दिसत होती. ती भिंतीपाशी आली. ओळीत आपली जागा शोधली. तिच्या फ्रॉकवर, तिच्या गळ्यावर, नुसता राखाडी गोळा.

"सर," ती म्हणाली, "मला तोंड नाही?"

सरांच्या हातात उलथनं तसंच होतं. मी त्या माणसाला पेठी उत्तरं देताना वर्षभर ऐकलं होतं.  "चुकलो," म्हणाले. "दिसू नये म्हणून पुसलं. तुला विचारायला हवं होतं." मग उलथनं खाली ठेवून, "पुन्हा काढायचं का? नको असेल तर नको. तू सांग."

 अमल नळाकडे गेली आणि दोन्ही हातांनी तोंड धुतलं. पावडर गेली. ओल्या तोंडाने परत आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"जुईताई!" सरांनी हाक मारली.

जुई धावत आली. नऊवारी, नथ, तोंडाला गुलाबी पावडर. तिने भिंत बघितली. "माझी अमल कुणी खोडली?" म्हणाली. सरांनी डबे उघडून समोर ठेवले. स्वतः कुंचल्याला हात लावला नाही.

ती रंगवायला लागली. उघड्या सिमेंटवर रंग शोषला जात होता, डाग डाग दिसत होते. ती पुन्हा देत होती. नऊवारीवर तांबडा सांडला. मंडपात गाणी लावून झाली होती, माणसं खुर्च्या सोडून इकडे यायला लागली होती. तेवढ्यात अमलचे वडील आले.

ते भिंतीच्या एका टोकापासून बघत आले. गुलाबी तोंडं, खाली खरे हात. मुलीपाशी येऊन थांबले. मला वाटलं, संपलं. आता तिचा हात धरतील आणि चालू लागतील. त्यांनी हात पुढे केलाही.

"अंकल, जरा बाजूला," जुई मागे न बघता म्हणाली. "सावली पडते."

ते बघत राहिले. मग दोन पावलं बाजूला झाले.

फाटकात पाहुण्यांची गाडी शिरली आणि तिच्याआधी अण्णा पळत आले. "जुई! साडीचं काय केलंस? सर, बंद करा ह्ये! पाव्हणं दारात आलं!"

"अजून थोडं राहिलंय, अण्णा. हनुवटी."

"तुम्ही उद्यापासून शाळेत यायचं नाही!"

"उद्यापासून ना?" सर म्हणाले. "बरं. मग आजचं काम संपवू द्या."

अण्णांनी नातीचं मनगट धरलं. तिने ते झटकलं नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "आबा, हलवू नका, चुकेल." अण्णांचा हात तसाच राहिला. तिच्या मनगटावर त्यांचा हात. काळा आणि त्याहून थोडा कमी काळा. पावडर फक्त तोंडाला होती. अण्णांनी ते बघितलं की नाही ते मला माहीत नाही. मी बघितलं. त्यांनी हात सोडला आणि पाहुण्यांना भिंतीकडे पाठ करून मंडपात नेलं.

जुईने हनुवटी पूर्ण केली. सरांनी एक डोळा मिटून बघितलं. काही बोलले नाहीत. डबे बंद केले, उलथनं धुऊन मला परत दिलं. "पोह्यांना रॉकेलचा वास येईल," म्हणाले. लुना चालू होईना, ती ढकलत फाटकाबाहेर गेले. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. लोणी काळभोरकडे कुठल्याशा शाळेत लागले असं नंतर कानावर आलं. मी गेले नाही कधी. जाऊन काय बोलणार होते?

अमलला वडिलांनी शाळेतून काढलं नाही. त्यांचं शिक्षण संपेपर्यंत ती आमच्याकडेच होती, जुईच्या शेजारी. भांडायच्या दोघी सारख्या. मग ती माणसं आपल्या देशी गेली.

संमेलनानंतर अण्णांनी ती भिंत तासून घेतली आणि चुना मारला. सगळे गेले. गुलाबी तोंडं गेली, खरे हात गेले. एक तेवढं जाईना. तेलाचा रंग उघड्या सिमेंटात मुरला होता. चुना वाळला की काही दिवसांनी एक तपकिरी गोल वर यायचा, माणसाच्या तोंडाएवढा. दर वर्षी संमेलनाआधी चुना, दर वर्षी तो पुन्हा वर.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी चुना मारायला एक नवा माणूस आला होता. त्याने दोन हात दिले, तिसरा दिला आणि कंटाळून ब्रश बादलीत टाकला.

"मावशी, डाग कसला हाय हा? तेलाचा?"

"डाग नाही," मी म्हटलं. "अंगाचा रंग आहे."

तो हसला. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"कुणाच्या अंगाचा?"